एसटीएक्सबीपी१ जनुक आणि त्याचा आजार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मुख्यतः हातात जनुकीय रिपोर्ट घेऊन बसलेल्या आईवडिलांकडून येतात. काही जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडूनही येतात. एकाच उत्तराची दोनदा गरज पडली, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. औषधांची नावं आणि मात्रा समजून घेण्यासाठी आहेत. मुलाचा डोस त्याच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. एसटीएक्सबीपी१ हे जनुकाचं नाव की आजाराचं?

जनुकाचं. हे जनुक ९व्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर, ९क्यू३४.११ या ठिकाणी असतं. त्यावरून तयार होणाऱ्या प्रथिनाला मंक१८-१ म्हणतात. जनुकात बिघाड झाल्यावर होणाऱ्या आजाराला 'एसटीएक्सबीपी१ एन्सेफॅलोपॅथी' (एन्सेफॅलोपॅथी म्हणजे मेंदूच्या कामात बिघाड) हे नाव आहे. जुन्या कागदांवर 'डीईई४' किंवा 'ईआयईई४' असंही दिसेल. तिन्ही एकच. साधारण ३०,००० जन्मांमागे एका बाळाला हा आजार असावा असा अंदाज आहे. म्हणजे दुर्मीळ, पण अपस्माराच्या जनुकीय कारणांमध्ये नेहमी भेटणारा.

२. हे प्रथिन पेशीत नेमकं काय काम करतं?

चेतापेशीच्या टोकाला सुमारे ४० नॅनोमीटर व्यासाच्या पुटिका असतात. त्यांत ग्लुटामेट, गाबा यांसारखी संदेश देणारी रसायनं भरलेली असतात. विद्युतसंदेश टोकापर्यंत पोहोचला की कॅल्शियम आत शिरतं, पुटिका पेशीच्या पटलाशी एकजीव होते आणि रसायन बाहेर पडतं. हे सगळं एका मिलिसेकंदाच्या आसपास उरकतं.

दोन पटलं आपोआप जुळत नाहीत. त्यांना ओढून एकत्र आणतात ती स्नेअर प्रथिनं: पुटिकेवरचं सिनॅप्टोब्रेव्हिन, आणि पेशीपटलावरची सिंटॅक्सिन-१ व स्नॅप-२५. ही तिन्ही जॅकेटची चेन लावावी तशी एका टोकापासून एकमेकांत गुंफत जातात. मंक१८-१ इथे दोन कामं करतं. एक, सिंटॅक्सिनला बंद अवस्थेत धरून ठेवतं, म्हणजे ते भलत्या जागी, भलत्या वेळी कुणाशी जुळत नाही. दोन, मंक१३ या प्रथिनाच्या साथीने ते गुंफण योग्य तऱ्हेने सुरू करून देतं.

हे प्रथिन किती अत्यावश्यक आहे हे २००० साली मात्याइस फरहागे आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं. दोन्ही प्रती काढून टाकलेल्या उंदरांत मेंदूची रचना आधी जवळपास नीट झाली, पण एकाही सिनॅप्समधून (दोन चेतापेशींच्या जोडणीतून) संदेश बाहेर पडला नाही. पिल्लं जन्मतःच गेली. स्नेअरच्या बाबतीत असाच पुरावा बोट्युलिनम विष देतं: ते स्नेअर प्रथिनं कापतं आणि स्नायू लुळे पडतात. सुरकुत्यांसाठी टोचतात ते हेच.

३. नावात 'मंक' कुठून आलं? परीक्षेला हा इतिहास विचारतात.

सिडनी ब्रेनर यांनी १९७४ मध्ये सी. एलिगन्स या कृमीचे धड चालू न शकणारे वाण गोळा केले आणि त्यांना 'अंक' (इंग्रजी 'अनकोऑर्डिनेटेड', म्हणजे हालचालींत ताळमेळ नसलेला, याचं लघुरूप) या नावाने क्रमांक दिले. त्यातला एक अंक-१८. सस्तन प्राण्यांतला (इंग्रजीत 'मॅमेलियन', म्हणून पुढे 'म') त्याचा भाईबंद तो मंक१८, जो थॉमस झ्यूडहॉफ यांच्या गटाने १९९३ मध्ये सिंटॅक्सिनला चिकटलेला पकडला. यीस्टमधला त्यांचा नातलग सेक१. तो पीटर नोव्हिक आणि रँडी शेकमन यांना १९७९ मध्येच सापडला होता. शेकमन, झ्यूडहॉफ आणि जेम्स रॉथमन यांना पुटिका-वाहतुकीच्या संशोधनासाठी २०१३ चं नोबेल मिळालं. माणसातल्या आजाराशी नातं जोडलं ते जपानी संशोधकांनी, २००८ मध्ये, ओहताहारा सिंड्रोम (जन्मानंतर लगेच सुरू होणारा तीव्र अपस्मार) असलेल्या बाळांत.

४. जनुकाच्या दोन प्रती असतात. एक चांगली असूनही आजार का होतो?

कारण या प्रथिनाची अर्धी मात्रा मेंदूला पुरत नाही. बऱ्याच जनुकांच्या बाबतीत ५० टक्के प्रथिनावर निभावतं. इथे निभावत नाही.

बिघाड दोन जातींचे असतात. पहिल्या जातीत प्रथिन तयारच होत नाही: मध्येच 'थांबा' खूण येते, वाचनाची चौकट सरकते, किंवा जनुकाचा तुकडाच गळतो. दुसऱ्या जातीत एक अमिनो आम्ल बदलतं आणि प्रथिनाची घडी बिघडते. असं प्रथिन टिकत नाही, पेशी त्याची विल्हेवाट लावते. काही प्रयोगांत हे बिघडलेलं प्रथिन चांगल्या प्रथिनालाही आपल्या गुठळीत ओढताना दिसलं आहे. तरीही, जात पाहून मुलाचा आजार सौम्य असेल की तीव्र हे सांगता येत नाही. तोच बदल असलेल्या दोन मुलांत जमीनअस्मानाचा फरक असू शकतो.

५. आमच्या दोन्ही घराण्यांत कुणालाच फिट येत नाहीत. मग हे आलं कुठून? आमचं लग्न मामाच्या मुलीशी झालंय, त्यामुळे तर नाही?

बहुतेक वेळा हा बदल 'डी नोव्हो' असतो, म्हणजे आईवडिलांत नसतो. बीजांड, शुक्राणू किंवा अगदी सुरुवातीच्या गर्भात तो नव्याने घडलेला असतो. गरोदरपणातलं खाणंपिणं, ग्रहण, प्रवास, मोबाइल, सासूशी झालेलं भांडण यांचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही.

नात्यातल्या लग्नामुळे दोन्ही प्रती बिघडून होणाऱ्या आजारांचा धोका वाढतो. हा आजार एका प्रतीच्या बिघाडाने होतो, त्यामुळे तो नियम इथे लागू नाही. एक दुर्मीळ अपवाद प्रश्न १६ मध्ये आहे.

६. रिपोर्टातली ती लांबलचक ओळ कशी वाचायची?

खरोखर भेटणारी एक ओळ घेऊ: 'एसटीएक्सबीपी१, सी.१२१७जी>ए, पी.आर्ग४०६हिस, हेटेरोझायगस, पॅथोजेनिक'.

'सी.१२१७' म्हणजे प्रथिनाचा मजकूर असलेल्या भागातलं १२१७वं अक्षर. तिथे जी होतं, ए झालं. तीन अक्षरांचा एक शब्द, म्हणून हा बदल ४०६व्या शब्दात पडतो (४०५ शब्दांची १२१५ अक्षरं संपली, त्यापुढचं दुसरं). 'पी.आर्ग४०६हिस' म्हणजे ४०६व्या जागी आर्जिनिन होतं, हिस्टिडिन आलं. 'हेटेरोझायगस' म्हणजे दोनांपैकी एकाच प्रतीत. 'पॅथोजेनिक' म्हणजे आजाराला कारणीभूत. ४०६ ही जागा या जनुकात वारंवार बिघडणाऱ्या जागांपैकी एक आहे, २९२ ही दुसरी. तुमच्या ओळीत 'टर' किंवा तारांकन असेल तर 'थांबा' खूण, 'एफएस' असेल तर चौकट सरकलेली, आणि '+१' किंवा '-२' असे आकडे असतील तर जनुकाचे तुकडे जोडले जातात त्या (स्प्लाइस) जागेवरचा बिघाड.

ओळीशेजारी 'एनएम_' ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो खोडून किंवा कापून झेरॉक्स काढू नका. या जनुकाची वाचनं एकाहून अधिक आहेत. एकातून ५९४ अमिनो आम्लांचं प्रथिन बनतं, दुसऱ्यातून ६०३ चं. फरक फक्त शेपटाकडे आहे, म्हणून ४०६ सारख्या जागेचा आकडा दोन्हीकडे तोच राहतो. शेवटच्या भागातल्या बदलासाठी मात्र दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळणार नाहीत, आणि तो गोंधळ या क्रमांकाशिवाय सुटत नाही.

७. रिपोर्टात 'व्हीयूएस' लिहिलंय. म्हणजे आजार आहे की नाही?

अजून ठरलेलं नाही. बदल सापडला, पण तो दोषी की निरुपद्रवी हे सांगायला पुरावा अपुरा आहे. अशा रिपोर्टावर पुढच्या गरोदरपणाचे निर्णय घेऊ नयेत.

पहिली पायरी आईवडिलांची तपासणी. दोघांत बदल नसेल आणि नमुने त्यांचेच असल्याची खात्री असेल, तर दोषाचं पारडं जड होतं. धडधाकट वडिलांत तोच बदल सापडला, तर बहुधा तो निर्दोष (मोझेक असण्याची शक्यता प्रश्न १३ मध्ये). म्हणून सुरुवातीलाच तिघांची एकत्र तपासणी झालेली बरी. आधी एकट्या मुलाची करून मग आईवडिलांची करण्यात महिने जातात. दुसरी पायरी म्हणजे एक-दोन वर्षांनी प्रयोगशाळेकडे त्याच माहितीचं पुनर्विश्लेषण मागणं. नवं रक्त लागत नाही. मूळ डेटा फाइल आजच मागून पेन ड्राइव्हवर ठेवा.

८. एक्झोम तपासणी निगेटिव्ह आली. म्हणजे एसटीएक्सबीपी१ नाहीच ना?

तसं नाही. एक्झोममध्ये जनुकांचे फक्त प्रथिनाचा मजकूर असलेले तुकडे, म्हणजे एक्झॉन, वाचतात. त्यात अक्षरांचे बदल चांगले दिसतात; एक-दोन एक्झॉन गळालेले असतील, किंवा मोठा तुकडा गेला असेल, तर ते निसटू शकतं. प्रयोगशाळेला थेट विचारा: 'सीएनव्ही विश्लेषण (गळालेले किंवा जादा तुकडे शोधणं) केलं का?' नसेल तर मायक्रोअ‍ॅरे किंवा एमएलपीए, म्हणजे असे तुकडे शोधणाऱ्या तपासण्या, हा पुढचा मार्ग. इंट्रॉनच्या (एक्झॉनांमधल्या भागांच्या) आतले बदल संपूर्ण जीनोम वाचल्याशिवाय दिसत नाहीत.

९. लक्षणं कोणती? फिट नसतील तरी हा आजार असू शकतो का?

असू शकतो. बहुतेक मुलांना फिट येतात आणि त्या पहिल्या वर्षातच, पुष्कळदा पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होतात. पण थोड्या मुलांना कधीच येत नाहीत. विकासातला उशीर मात्र जवळपास सगळ्यांत असतो. त्याच्या जोडीला अंग सैल असणं, तोल जाणं, हात थरथरणं, स्वमग्नतेची लक्षणं.

थरथर म्हणजे प्रत्येक वेळी फिट नव्हे. मोबाइलवर व्हिडिओ घ्या: चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा, पांघरूण काढून, दोन मिनिटांचा. ईईजीच्या (मेंदूच्या विद्युतलहरींच्या तपासणीच्या) वेळी तीच हालचाल झाली तर उत्तर तिथल्या तिथे मिळतं. सर्वांत चुकवू नये अशी गोष्ट: झोपेतून उठल्यावर बाळ पुन्हा पुन्हा दचकल्यासारखं वाकतं, हात पसरतात, मान झुकते, आणि हे लागोपाठ होतं. पोटदुखी म्हणून ग्राइप वॉटर देत राहू नका. हे स्पाझम, म्हणजे फिटचाच एक प्रकार, असू शकतात. त्याच आठवड्यात ईईजी व्हायला हवा.

१०. या आजारासाठी फिटचं नेमकं औषध कोणतं?

एकच असं नाही. निवड फिटच्या प्रकारावर ठरते. स्पाझम असतील तर एसीटीएच (संप्रेरकाचं इंजेक्शन), जास्त मात्रेचं प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड) किंवा व्हिगाबॅट्रिन. इतर फिटसाठी लेव्हेटिरासिटाम, फिनोबार्बिटाल, व्हॅल्प्रोएट वगैरे. औषधांनी आटोक्यात येत नसेल तर आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली कीटोजेनिक आहार (भरपूर स्निग्ध, साखर-पिष्ट अगदी कमी). सुमारे चौथा हिस्सा मुलांत फिट औषधांना दाद देत नाहीत.

प्रत्येकाची किंमत आहे. स्टिरॉइड सुरू करण्याआधी संसर्गाची, आपल्याकडे विशेषतः क्षयरोगाची, शंका दूर करावी लागते. मग रक्तदाब आणि साखर पाहत राहायची. व्हिगाबॅट्रिनने दृष्टीचा घेर कमी होऊ शकतो. व्हॅल्प्रोएटने हात थरथरतात, आणि ती थरथर आजाराची समजली जाते. गावी जाताना बाटली संपली म्हणून औषध अचानक बंद होणं, हे फिट उसळण्याचं सर्वांत टाळता येण्याजोगं कारण. आठवड्याभराचा साठा कायम वेगळा ठेवा.

११. घरी मोठी फिट आली तर काय करायचं?

मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा, तोंडात काहीही घालू नका. कांदा, चप्पल, चमचा यांतलं काहीही नको. ५ मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला नाकातला मिडाझोलाम फवारा.

या फवाऱ्यात चूक कुठे होते ते लक्षात घ्या. सर्वसाधारण मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे १० किलोच्या मुलाला २ मिलिग्रॅम. बाटली दर फवाऱ्याला ०.५ मिलिग्रॅमची असेल तर चार फवारे, दोन-दोन प्रत्येक नाकपुडीत. पण दुकानात १.२५ मिलिग्रॅमचीही बाटली मिळते, आणि तिचे चार फवारे म्हणजे ५ मिलिग्रॅम. एवढ्याने श्वास मंदावू शकतो. म्हणून चिठ्ठीवर फवाऱ्यांची संख्या आणि बाटलीची ताकद, दोन्ही लिहून घ्या. नवी बाटली आणली की लेबल पुन्हा वाचा. नवी बाटली आधी हवेत काही वेळा दाबावी लागते, नाहीतर पहिले फवारे रिकामे जातात. औषध दिल्यावर श्वासाकडे लक्ष ठेवून दवाखान्याकडे निघा.

१२. फिट थांबल्या. आता मूल इतरांसारखं होईल ना?

फिट आटोक्यात येणं चांगलंच. झोप, सावधपणा, शिकण्याची संधी, सगळं सुधारतं. पण विकासातला उशीर केवळ फिटमुळे नसतो. संदेश सोडण्याची यंत्रणाच अपुरी असते, म्हणून फिट पूर्ण थांबलेल्या मुलांतही उशीर राहतो. 'फिट बंद करा, बाकी आपोआप येईल' या आशेवर थेरपी थांबवून ठेवू नये. काही मुलं चालतात, काही उशिरा चालतात, काही चालत नाहीत. बरीच मुलं शब्दांनी बोलत नाहीत, त्यामुळे चित्रांचा तक्ता किंवा टॅबलेटवरून संवाद लवकर सुरू करावा. त्याने बोलणं मागे पडतं ही समजूत चुकीची आहे.

१३. दुसरं मूल हवंय. पुन्हा होण्याची शक्यता किती?

आईवडिलांच्या रक्तात बदल नसेल तर सुमारे १ टक्का धरतात. शून्य धरत नाहीत, कारण एखाद्या पालकाच्या फक्त काही पेशींत, किंवा फक्त बीजपेशींत, तो बदल लपलेला असू शकतो. याला मोझेक म्हणतात. सँगर पद्धतीत (जनुकाचा ठराविक भाग वाचण्याची नेहमीची पद्धत) कमी प्रमाणातला मोझेक निसटतो; जास्त खोलीचं, म्हणजे तोच भाग अनेकदा वाचणारं, सीक्वेन्सिंग मागता येतं. पालक मोझेक निघालाच तर धोका ५० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

गर्भतपासणी ११ ते १४ आठवड्यांत कोरिऑनिक व्हिलस नमुन्याने किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजलाने होते. पहिल्या मुलातला नेमका बदल माहीत असल्याशिवाय ती करता येत नाही, आणि रिपोर्टाला आठवडे लागतात; त्यामुळे सल्ला गर्भ राहण्याआधी घ्या. डाउन सिंड्रोमसाठी आईच्या रक्तावर होणारी नेहमीची तपासणी इथे उपयोगाची नाही. जनुकीय आजारासाठी गर्भतपासणी १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्यात बसते, मात्र नोंदणीकृत केंद्रातच. लिंग सांगितलं जात नाही, विचारूही नये.

१४. जीन थेरपी आली म्हणे. भारतातून नाव नोंदवता येईल?

दोन वाटांवर काम चालू आहे. एक, घडी बिघडलेल्या प्रथिनाला सावरणारं फेनिलब्युटिरेट. ते मूळचं युरिया चक्राच्या आजारांचं औषध. २०१८ मध्ये प्रयोगशाळेत आशा दिसली आणि नंतर अमेरिकेत मुलांवर लहान चाचणी झाली. दोन, विषाणूच्या वेष्टनातून चांगलं जनुक मेंदूत पोहोचवणं. याच्या एका चाचणीत २०२५ मध्ये पहिलाच डोस मिळालेल्या मुलाचा मृत्यू झाला आणि चाचणी थांबवावी लागली. त्यामुळे 'तीन महिन्यांत जीन थेरपी' असं सांगून पैसे मागणाऱ्या कुणालाही दारात उभं करू नका, स्टेम सेलवाल्यांनाही.

चाचण्यांसाठी आजाराची सविस्तर नोंद असलेली मुलं लागतात. एसटीएक्सबीपी१ फाउंडेशनसारख्या संस्थांकडे नोंदणीची सोय असते. फिटची वही तारीखवार ठेवणं हीच तयारी.

१५. ट्रेहॅलोज नावाची साखर ऑनलाइन मिळते. प्रश्न १४ मधल्या २०१८ च्या प्रयोगात तीही होती. द्यावी का?

नको. पेशींवर आणि कृमींवर जे दिसलं त्यासाठी लागणारी मात्रा तोंडाने देऊन मेंदूत पोहोचत नाही. आतड्यातच ती साखर फुटते. कीटोजेनिक आहार चालू असेल तर सरळ नुकसान.

१६. दोन्ही प्रतींत बदल सापडलाय. हे कसं शक्य आहे?

अतिशय दुर्मीळ, पण नोंद आहे. एका कुटुंबातल्या दोन भावंडांत ४४६व्या जागी ल्यूसिनऐवजी फिनाइलअ‍ॅलनिन, तेही दोन्ही प्रतींत, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालं. या बदलाने संदेश सोडण्याचं काम कमी नव्हे, वाढलेलं आढळलं. एकच प्रत बदललेले आईवडील ठणठणीत होते. असं असेल तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के, प्रश्न १३ मधला १ टक्का नव्हे.

१७. रिपोर्टात '९क्यू३४.११ डिलीशन' आहे. वेगळं काही करायचं?

होय, आणि हे बरेचदा राहून जातं. गळालेल्या तुकड्यात शेजारची जनुकंही जाऊ शकतात, त्यातलं एक ईएनजी. ते गेलं की रक्तवाहिन्यांच्या गाठोड्यांचा वंशागत आजार संभवतो: वारंवार घोळणा फुटणं, फुप्फुसात किंवा मेंदूत रोहिणी-नीला थेट जोडलेल्या असणं. डिलीशनच्या सीमा पाहून त्यात ईएनजी येतं का हे जनुकतज्ज्ञांना विचारा. येत असेल तर फुप्फुस आणि मेंदू यांची तपासणी ठरवावी लागते.

१८. नातेवाइकांच्या मुलाला एसटीएक्सबीपी२ निघालंय. तोच आजार का?

नाही. ते १९व्या गुणसूत्रावरचं वेगळं जनुक. मंक१८-२ हे त्याचं प्रथिन रोगप्रतिकारक पेशींतल्या पुटिकांसाठी लागतं. दोन्ही प्रती बिघडल्यावर हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस होतो: न उतरणारा ताप, वाढलेली प्लीहा, घटलेल्या रक्तपेशी. उपचार अस्थिमज्जा प्रत्यारोपणापर्यंत जातो. एका आकड्याचा फरक, पण विभागच वेगळा.

१९. अपंगत्व प्रमाणपत्र 'फिट' म्हणून मिळतं का?

२०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत नुसता अपस्मार नाही. अर्ज बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता यांखाली करायचा; यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) त्यावरूनच निघतं. लहान मुलांना बहुधा मुदतीचं प्रमाणपत्र मिळतं, ते संपण्याआधी नूतनीकरण करा. राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना वर्षाला १ लाखापर्यंत खर्च देते, त्यात थेरपीही येते. मुंबईचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजार धोरणातल्या उत्कृष्टता केंद्रांपैकी आहे. मूल १८ वर्षांचं होताच आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे पालकत्वाचा अर्ज करावा लागतो. बँक खातं अडलं की मग धावाधाव होते.

२०. मुलगी २४ वर्षांची आहे. आता तपासणी करून काय उपयोग?

उपयोग आहे. भावंडांना लग्नाआधी ठोस उत्तर मिळतं. शिवाय मोठेपणी काहींमध्ये थरथर वाढते, हालचाली मंदावतात, चाल बिघडते, पार्किन्सनसारखं दिसतं. निदान माहीत असेल तर आधी व्हॅल्प्रोएट आणि मनोविकाराची औषधं तपासली जातात, कारण तीही असंच चित्र उभं करतात आणि ती बदलता येतात. बालरोग विभागातून बाहेर पडताना जुने ईईजी, एमआरआय आणि औषधांची यादी, म्हणजे कोणतं कधी दिलं आणि का बंद केलं, एका फाइलमध्ये घेऊन मोठ्यांच्या न्यूरॉलॉजिस्टकडे जा.